कारगिल ते स्कर्दू

(दृश्य: जगलोटजवळचा संगम, आकाशातून)

इथे गिलगिट नदी सिंधूला मिळते. हिमालय, काराकोरम आणि हिंदुकुश या तिन्ही पर्वतरांगा इथेच एकमेकींना भिडतात. दक्षिणेला 8126 मीटर उंचीचा नंगा पर्वत, तर दूर पूर्वेला 8611 मीटरचा के-टू. शिखरांवरून नजर हलत नाही, पण जरा खाली बघा. करड्या, उजाड उतारांवर मधूनच हिरवे तुकडे दिसतात, तीच इथली गावं. पाऊस जेमतेम पडतो. पिढ्यान्‌पिढ्या कडे फोडून पाट काढले, हिमनदांचं पाणी शेतापर्यंत आणलं, तेव्हा कुठे गहू आणि जर्दाळू पिकू लागले.

हा गिलगिट-बाल्टिस्तान. भारताच्या नकाशात तो लडाखचा भाग आहे. ताबा मात्र पाकिस्तानचा.

1 नोव्हेंबर 1947. जम्मू-काश्मीरचे महाराजा हरिसिंहांनी भारतात विलीन होण्याचा करार करून आठवडाही झाला नव्हता. त्यांचे गिलगिटमधले गव्हर्नर घनसारा सिंह यांना गिलगिट स्काउट्स या स्थानिक निमलष्करी दलानं कैद केलं. बाल्टिस्तानातल्या स्कर्दूच्या किल्ल्यात महाराजांच्या फौजेचे लेफ्टनंट कर्नल शेरजंग थापा आपल्या तुकडीसह सहा महिने झुंजले. रसद संपली आणि ऑगस्ट 1948 मध्ये किल्ला पडला.

पुढे 28 एप्रिल 1949 रोजी कराचीत एका करारानं या प्रदेशाचा कारभार पाकिस्तान सरकारकडे गेला. त्यावर सही करणाऱ्यांत गिलगिट-बाल्टिस्तानचा एकही प्रतिनिधी नव्हता. अन्यायाचं मूळ इथे आहे. पाकिस्ताननं या भागाला प्रांताचा दर्जा दिला नाही, कारण तसं केलं तर काश्मीरवरचा दावा कमकुवत होईल ही भीती. 2009 मध्ये विधानसभा मिळाली. इस्लामाबादच्या संसदेत मात्र प्रतिनिधित्व नाही.

(दृश्य: अट्टाबाद तलाव)

हे निळंशार पाणी बघायला आज पर्यटक येतात. 4 जानेवारी 2010 रोजी इथे डोंगर कोसळला, हुंझा नदी अडली आणि गावं बुडाली. पुढच्या वर्षी विस्थापितांनी भरपाई मागितली तेव्हा पोलिसांनी गोळीबार केला. त्या आंदोलनातले नेते बाबा जान यांना दहशतवादविरोधी कायद्याखाली शिक्षा झाली. ते सुटले थेट 2020 मध्ये.

फाळणीपूर्वी लडाखचा कारभार वर्षातले सहा महिने लेहमधून चाले, सहा महिने स्कर्दूतून. कारगिलहून स्कर्दूचा रस्ता सिंधूच्या खोऱ्यातून जायचा. नियंत्रण रेषेनं तो तोडला, आणि सख्खी भावंडं दोन देशांत अडकली. 2025 मध्ये वाघा सीमा बंद होईपर्यंत भेटायचं तर पंजाबात उतरून तिथून वळसा घ्यावा लागायचा, तोही व्हिसा मिळाला तर. श्रीनगर-मुझफ्फराबाद बस 2005 मध्ये सुरू झाली, पूंछ-रावळाकोट 2006 मध्ये. कारगिल-स्कर्दू कधीच सुरू झाली नाही.

गव्हाच्या अनुदानासाठी, जमिनीच्या हक्कासाठी स्कर्दूत ऐन थंडीत मोर्चे निघतात. 2023 च्या मोर्चांत आणखी एक मागणी होती: कारगिलचा रस्ता उघडा. दोन्ही सरकारांनी ती ऐकायला हवी. शिखरांवरचा वाद सुटेपर्यंत म्हाताऱ्या बहिणींनी किती काळ थांबायचं?