लिलावाच्या हॉलमधली भिंतीलगतची टेबलं

(दृश्य: शाळेचा जिम. लांब टेबलांवर ओळीने पारदर्शक पिशव्या. आत मासे, वर फुगलेली हवा.)

अमेरिकेत मासे पाळणाऱ्या हौशी मंडळींचे क्लब खूप जुने आहेत. ब्रुकलिन ॲक्वेरियम सोसायटी तर १९११ सालची. शाळेचा जिम, नाहीतर चर्चचा हॉल भाड्याने घ्यायचा आणि वर्षातून एक-दोनदा लिलाव भरवायचा, ही या क्लबांची रीत. घरच्या टँकमध्ये सिक्लिड माशांची पिल्लं झाली, ठेवायला जागा उरली नाही, की सभासद ती पिशवीत भरून इथे आणतो. पिशवीवर माशाचं नाव, नग आणि आणणाऱ्याचा क्रमांक. बोली पक्की झाली की आलेल्या पैशांतला ठरलेला वाटा क्लबचा, बाकी सभासदाचा. हॉलचं भाडं, लांबून बोलावलेल्या वक्त्याचा प्रवास, असले खर्च यातूनच भागतात.

(दृश्य: कॅमेरा भिंतीकडे वळतो. कापड अंथरलेली टेबलं, खाद्याचे डबे, हवेचे पंप.)

पण ही जी भिंतीलगत टेबलं दिसतात, त्यांच्यामागे व्यापारी बसलेत. लिलाव कसा चालवायचा हे क्लबातल्या जुन्या माणसांना पाठ असतं. डोकं खातात ती ही टेबलं.

व्यापारी आला की गर्दी वाढते, टेबलाचं भाडं मिळतं, क्लबच्या सोडतीत बक्षीस ठेवायला चार वस्तू फुकट मिळतात. हे सगळं खरं. पण येणाऱ्याच्या खिशातले पैसे तेवढेच असतात. टँकचं पाणी गाळायचा स्पंज फिल्टर टेबलावर सहा डॉलरला मिळत असेल, तर लिलावात त्याची बोली सहाच्या वर कोण नेईल? टेबलावर गेलेल्या डॉलरमधून क्लबला काहीच मिळत नाही, भाडं तेवढं मिळतं. म्हणून टेबलं किती द्यायची यापेक्षा कोणाला द्यायची, हे आधी ठरवावं लागतं.

सभासदांच्या घरी जे तयार होत नाही, ते विकणारा माणूस बोलवावा. गोठवलेलं खाद्य, काचसामान, दिवे. माशांतलं उदाहरण आपल्याच सह्याद्रीचं आहे. केरळ-कर्नाटकातल्या नद्यांमधला, अंगावर लाल रेघ असलेला डेनिसन बार्ब. २०१३ साली त्याच्यासाठी वेगळी प्रजाती (जीनस) केली आणि तिचं नाव ठेवलं सह्याद्रिया. घरच्या टँकमध्ये हा सहसा पिल्लं देत नाही, त्यामुळे व्यापाऱ्याने तो आणला तर कोणाच्या पोटावर पाय येत नाही. गप्पी आणि प्लॅटी मात्र अर्ध्या हॉलने आणलेले असतात. ते टेबलावर नकोतच.

(दृश्य: दाराशी थर्मोकोलच्या पेट्या उतरवणारी माणसं.)

जागा आखताना व्यापाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, प्लग कुठे आहे? पंप आणि हीटर विजेवर चालतात. तिकडच्या मार्चच्या थंडीत दाराजवळचं टेबल दिलं तर दार उघडेल तेव्हा थंड वारा सरळ पिशव्यांवर. पैसे भरायच्या खिडकीजवळ दिलं तर दुपारची रांग त्याच्या टेबलापुढेच उभी राहते आणि गिऱ्हाईक आत पोचत नाही. आणि सभासदांची नोंदणी सुरू व्हायच्या आत व्यापाऱ्यांचा माल उतरलेला बरा. पेट्या घेऊन सगळे एकाच दारातून येतात.

(दृश्य: जवळून. पिशवीत तळाशी बसलेला प्लेको मासा.)

ही पिशवी बघा. एक तृतीयांश पाणी, दोन तृतीयांश हवा. खालचे दोन्ही कोपरे रबराने बांधलेत, नाहीतर लहान मासा कोपऱ्यात अडकून मरतो. प्लेकोच्या काट्याने प्लॅस्टिक फुटतं, म्हणून पिशवीवर पिशवी. भरण्याआधी एक दिवस त्याला उपाशी ठेवलंय, पाणी घाण होऊ नये म्हणून. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साचतो, पाणी आम्लाकडे झुकतं, आणि त्यामुळे साचलेला अमोनिया फारसा बाधत नाही. घरी पिशवी उघडली की वायू उडून जातो आणि तोच अमोनिया विषारी होतो. पिशवी जितकी जुनी, तितका धोका मोठा. सभासद सकाळी भरून आणतो. व्यापाऱ्याची कधी भरली, कोणाला ठाऊक? टेबलावरच्या प्रत्येक पिशवीवर तारीख लिहायची अट घालायलाच हवी.

(दृश्य: टेबलावर उभं केलेलं सरकारी प्रमाणपत्र.)

कागदपत्रांचं थोडक्यात. न्यू यॉर्क राज्यात व्यापाऱ्याकडे विक्रीकराची नोंदणी लागते. बंदी असलेल्या जिवांची यादी क्लबने त्याच्याकडे आधीच पाठवावी. आपल्याकडे ज्याचं कालवण होतं त्या मरळीचं अख्खं कूळ अमेरिकेत २००२ पासून जिवंत आणता येत नाही. आपल्या तळ्यांत फोफावणारी हायड्रिला ही पाणवनस्पती तिथे घातक तण ठरली आहे. आणि २०२१ च्या मार्चमध्ये टँकमध्ये शोभेला ठेवायच्या शेवाळगोळ्यांतून घातक झेब्रा शिंपले निघाले, तेव्हा ते गोळे देशभरच्या दुकानांतून काढून घ्यावे लागले. वनस्पतींच्या पिशव्या कंटाळा न करता तपासायच्या, त्या यासाठी.

(दृश्य: लिलाव सुरू. बोली लावणाऱ्यांचे वर झालेले क्रमांक.)

बोली सुरू झाल्यावर टेबलं चालू ठेवायची का, यावर क्लबाक्लबांत मतं वेगळी. मला वाटतं खाद्याचं टेबल चालू द्यावं, माशांचं मात्र थांबवावं. मधल्या सुट्टीत पुन्हा उघडायला हरकत नाही.

दुपार कलली की एखादा व्यापारी हळूच विचारतो, उरलेला माल लिलावात घालू का? एकाच माशाच्या वीस पिशव्या आल्या तर पहिलीला भाव येतो, दहावी मातीमोल जाते, आणि तोच मासा घेऊन आलेला सभासद हात चोळत बसतो. तेव्हा सभासदांच्या पिशव्या संपल्यावरच, एका जातीच्या दोन-तीन, आणि क्लबचा वाटा सभासदांइतकाच, हे टेबल देतानाच्या पत्रात लिहून टाकावं. ऐन वेळी माईक हातात घेऊन ठरवायची ही गोष्ट नव्हे, कारण तोवर विचारणारा पिशव्या उचलून पुढे आलेला असतो.