जिप्सी उंच करण्याआधी

नमस्कार. समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांकडे मारुतीची जिप्सी आहे, काहींना घ्यायची आहे, म्हणून मी आज जिप्सी धरूनच बोलणार आहे. महिंद्राच्या थारवाल्यांनी आणि जुन्या एमएम 540 जीपवाल्यांनीही ऐकावं, तत्त्व सगळीकडे तेच आहे. जिप्सी निवडली कारण तिच्यात सगळं उघडं दिसतं. 1985 च्या अखेरीस ही गाडी आली आणि तीन दशकांहून जास्त काळ जवळपास त्याच सांगाड्यावर बनत राहिली. शिडीसारखी लोखंडी चौकट म्हणजे लॅडर चासी, पुढे-मागे दोन चाकांना जोडणारा अखंड अ‍ॅक्सल, चारही चाकांवर पाटे म्हणजे लीफ स्प्रिंग, आणि इंजिनचा जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा, गिअरबॉक्सपासून वेगळा बसवलेला ट्रान्सफर केस. एक भाग बदलला की ताण कुठे सरकतो ते हाताने चाचपून कळतं.

गॅरेजमध्ये येणारा तरुण पहिल्यांदा विचारतो, "दादा, किती इंच लिफ्ट करायची?" म्हणजे गाडी किती उचलायची. मी त्याला विचारतो, तुझी गाडी अडते कुठे? याचं उत्तर बहुतेकांकडे तयार नसतं. माझं आजचं सगळं म्हणणं या प्रश्नाभोवतीच आहे. डिफरन्शियलचा गोळा, म्हणजे अ‍ॅक्सलच्या मध्यावरचा गिअरचा डबा, दगडावर टेकतो, की पोट उंचवट्यावर बसतं, की एक चाक हवेत गरगर फिरतं आणि बाकीची गाडी ढिम्म राहते? ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. उपाय चुकला तर पैसे जातात, ते सोडा. गाडी मूळच्यापेक्षा कमी भरवशाची होते.

पहिलं दुखणं डिफरन्शियलचं. जिप्सीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासूनची मोकळी उंची, कंपनी 210 मिलिमीटर सांगायची. हा आकडा चासीखालचा नाही, सर्वांत खाली लोंबणाऱ्या भागाचा आहे, म्हणजे अ‍ॅक्सलच्या मधल्या गोळ्याचा. आता विचार करा, अखंड अ‍ॅक्सलच्या गाडीला तुम्ही उंच पाटे घातले, पाटे चासीला टांगणारे शॅकल लांब घातले, तर काय उचललं गेलं? चासी उचलली गेली, बॉडी उचलली गेली. अ‍ॅक्सल होता तिथेच आहे, कारण तो चाकाच्या मध्यावर बांधलेला आहे. पाच इंच लिफ्ट केलेल्या जिप्सीचा गोळाही त्याच दगडावर आपटेल. गोळा वर न्यायचा साधा मार्ग एकच, मोठा टायर. 

त्याचा हिशोब करू. जिप्सी किंगचा मूळ टायर 205/70 आर 15. त्याचा व्यास सुमारे 668 मिलिमीटर. लोक आवडीने घालतात तो 235/75 आर 15, व्यास सुमारे 733. फरक 65, पण अ‍ॅक्सल उचलला जातो त्याच्या निम्मा, म्हणजे 32-33 मिलिमीटर. सव्वा इंच. ऐकायला थोडं वाटतं, पण 210 चे 243 होतात आणि सह्याद्रीतल्या बैलगाडीच्या वाटेवर हा फरक पुरतो. आता त्याची किंमत बघा. चाकाचा घेर दहा टक्के वाढला. स्पीडोमीटर 50 दाखवेल तेव्हा गाडी 55 च्या आसपास असेल. सगळे गिअर दहा टक्के उंच झाले, म्हणजे चाकावरची ओढ तेवढी घटली. 1.3 लिटरचं हे पेट्रोल इंजिन, त्याची ओढ वरच्या आरपीएमला. आधी जी चढण ते सावकाश चढत होतं, तिथे आता क्लच अर्धा दाबून धरावा लागतो आणि क्लच जळतो. चाक जड झालं, म्हणून ब्रेकला जास्त काम पडतं आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते. 235 च्या टायरला रिमही पुरेशी रुंद लागते. स्टिअरिंग पूर्ण वळवून चाक वर दाबलं गेलं की टायर कुठे घासतो, तेही पाहावं लागतं. एका टायरच्या मागे एवढं सगळं येतं, आणि हे आधी वहीत लिहिलं पाहिजे.

गिअरचं उत्तर जिप्सीत आहे. ट्रान्सफर केस वेगळा असल्यामुळे गिअरबॉक्सला हात न लावता त्यातले गिअर बदलून लो रेंज, म्हणजे चढणीसाठीचे सावकाश पण जोराचे गिअर, आणखी खाली आणता येते. मोठा टायर घालणाऱ्याने हा खर्च त्याच यादीत धरावा. "टायर आत्ता घालतो, गिअर पुढच्या वर्षी" हा बेत मला मुळीच पटत नाही. ते मधलं वर्ष क्लचवर जातं.

दुसरं दुखणं पोटाचं. इथे मात्र लिफ्ट कामाची आहे. जिप्सीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, 2375 मिलिमीटर. समजा, मधोमध पोटाखाली 300 मिलिमीटर मोकळी जागा आहे. त्रिकोणमिती केली तर उंचवटा ओलांडायचा कोन साधारण 28 अंश निघतो. पोट 50 मिलिमीटरने उचललं तर तो 33 अंशांजवळ जातो. दोन इंचांत साडेचार अंश! जिप्सीचा आखूड व्हीलबेस ही तिची सर्वांत मोठी ताकद आहे. म्हणून मी सांगतो, दोन इंचांवर थांबा. दोन इंचांपर्यंत चाकांकडे जोर नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे कोन, ब्रेकचे पाइप, स्टिअरिंगचा रॉड यांची सोय थोडक्यात लावता येते. 

पण बाजारात जास्त खपते ती दुसरी लिफ्ट. जिप्सीचे पाटे मुळात अ‍ॅक्सलच्या खाली बांधलेले आहेत. ते अ‍ॅक्सलच्या वर बांधले की गाडी एकदम पाच इंचांच्या आसपास उचलली जाते. नवीन पाटे नकोत, फक्त अ‍ॅक्सलच्या कवचावर, म्हणजे हाउसिंगवर, पाटे बसायचे नवे पॅड वेल्ड करायचे. स्वस्त आहे, गाडी दिसते रुबाबदार, आणि पाट्याला झोका जास्त मिळत असल्याने चाकं जमिनीला जास्त वेळ धरून राहतात. हे सगळं खरं आहे. आता पुढची साखळी ऐका. स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणारा रॉड, ड्रॅग लिंक, आता तिरका झाला, त्यामुळे चाक खड्ड्यात गेलं की हात न हलवता गाडी स्वतःच वळते. घाटात हे होणं म्हणजे काय, ते मी सांगायला नको. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढला. पॅडचा कोन मोजून लावला नसेल तर शाफ्टचे सांधे, म्हणजे क्रॉस, लवकर जातात. ब्रेकचे लवचीक पाइप आखूड पडतात आणि चाक पूर्ण खाली लोंबलं की ताणले जातात. वेग देताना अ‍ॅक्सल पाट्यांना पीळ देतो, पाटे इंग्रजी एससारखे वाकतात, मग तो पीळ रोखायला वेगळा बार लावावा लागतो. आणि गुरुत्वमध्य वर गेला. अरुंद गाडी पाच इंच उचलायची आणि आडव्या उतारावर न्यायची, याची मला भीती वाटते, आणि ती वाटलीच पाहिजे असं माझं मत आहे. हे काम चांगलं करता येतं, स्पर्धेच्या गाड्यांत करतातही. पण "पाटे वर घेतले" म्हणजे काम पाव भागच झालं. उरलेला तीन चतुर्थांश भाग करायची तयारी आणि पैसे असतील तरच पाट्यांचे यू-बोल्ट सोडा.

तिसरं दुखणं चाक हवेत फिरण्याचं. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतो. एक चाक हवेत असेल तर त्याला फिरायला जवळजवळ टॉर्क लागतच नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे काहीच मिळत नाही. फोर व्हील ड्राइव्ह असून पुढचं एक आणि मागचं एक चाक गरगरत राहतं. दोन्ही चाकं एकत्र फिरायला लावणारा लॉक जिप्सीत कंपनीने दिलेला नाही. 2020 च्या थारला काही प्रकारांत मागच्या अ‍ॅक्सलवर मेकॅनिकल लॉक मिळतो, फरक पडतो. जिप्सीत बाहेरचा लॉक बसवता येतो आणि एकच बसवायचा असेल तर बहुतेकांनी मागे बसवावा. लॉक असला की सगळा जोर एका चाकाच्या शाफ्टवर येऊ शकतो, त्यामुळे अ‍ॅक्सल शाफ्टची तब्येत आधी तपासा. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. लॉक आणि खालचा गिअर असलेली गाडी जमीन कमी उकरते. ती सावकाश चढून जाते. लॉक नसलेली गाडी पळत येऊन, चाकं फिरवून वाटेत दोन चर पाडते आणि पुढच्या पावसात त्या चरांचे ओहोळ होतात.

टायरच्या नक्षीबद्दल थोडं. मराठवाडा-विदर्भातली काळी माती ओली झाली की टायरच्या खाचांत अशी बसते की पाचव्या मिनिटाला टायर गुळगुळीत होतो. तिथे मोठ्या उघड्या खाचांचा मड टेरेन टायर हवा, फिरताना माती फेकून देणारा. कोकणातल्या शेवाळलेल्या जांभ्यावर तोच टायर तुम्हाला फसवू शकतो, ओल्या डांबरावर तर नक्कीच. नव्वद टक्के प्रवास हायवेने आणि दहा टक्के मातीतून होत असेल तर ऑल टेरेन घ्या. आणि हवा कमी करायला शिका! 28 पीएसआयवरून 16-18 वर आणलं की टायर लांबीला पसरतो, पकड वाढते. वेग वीस-पंचवीसच्या पुढे न्यायचा नाही, डांबरावर चढण्याआधी हवा पुन्हा भरायची. त्यासाठी गाडीत कंप्रेसर हवा. लिफ्टच्या खर्चात असे कितीतरी कंप्रेसर येतात.

आता ज्या विषयावर मी सर्वांत आग्रही आहे तो, ओढण्याचे हूक. रुतलेली गाडी ओढताना चिखलाचं चोषण, उतार आणि गाडीचं वजन मिळून हूकवर येणारा जोर गाडीच्या वजनापेक्षा जास्त होऊ शकतो. कायनेटिक रोप, म्हणजे रबरासारखा ताणला जाणारा दोर, तर ताणून ऊर्जा साठवतो, तेच त्याचं काम. त्या क्षणी बंपरला दोन टाके मारून चिकटवलेला हूक सुटला तर तो लोखंडाचा तुकडा समोरच्या काचेतून आत येतो. ट्रेलरच्या टो बॉलला दोर अडकवल्यामुळे जगभर माणसं मेली आहेत. ट्रकवर गाडी बांधून नेण्यासाठी कंपनीने दिलेल्या कड्याही ओढण्यासाठी नसतात. हूक चासीच्या रेलवर, आतून जाड पट्टी देऊन, हाय टेन्साइल बोल्टने बसवा, पुढे आणि मागे दोन्हीकडे. दोर हूकला जोडायचा शॅकल (पाट्यांचा नव्हे) घ्याल तर त्यावर क्षमता कोरलेली असलेलाच. पाऊण इंची बो शॅकल 4.75 टनांचा मिळतो. दोरावर जाड ब्लँकेट टाका आणि दोराच्या लांबीएवढ्या टप्प्यात कोणालाही उभं राहू देऊ नका, व्हिडिओ काढणाऱ्या मित्राला तर नाहीच.

विंच, म्हणजे दोर गुंडाळत गाडी ओढणारी मोटर, घ्यायचाच असेल तर भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट क्षमता धरा. लेबलवरचा आकडा ड्रमवरच्या पहिल्या थराचा असतो. दोर गुंडाळलेला असताना वरच्या थरावर ओढ कमी होते. स्नॅच ब्लॉक, म्हणजे कप्पी, लावून दोर परत गाडीकडे आणला की ओढ जवळपास दुप्पट होते, वेग निम्मा. पूर्ण ताणावर विंच तीनशे-चारशे अँपिअर खातो. हा करंट बॅटरी देते, अल्टरनेटर नव्हे. म्हणून बॅटरी, केबल आणि अर्थिंग हा विंचचाच खर्च समजा.

पाण्याबद्दल. स्नॉर्केल ही उंच नळी इंजिनसाठी हवा वरून घेते, बाकी काही करत नाही. तापलेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवा जायच्या भोकातून, सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ऑइल दुधासारखं पांढरं दिसलं तर पाणी शिरलं समजायचं. ब्रीदरना नळी जोडून ती बोनेटमध्ये उंचावर नेणं हे स्नॉर्केलच्या आधीचं आणि काही रुपयांचं काम आहे. वाहत्या पाण्यात मात्र कुठलाही बदल तुम्हाला वाचवत नाही. गाडी तरंगायला लागली की टायरची पकड संपते, आणि सह्याद्रीतला ओढा वरच्या पावसाने बघता बघता चढतो.

कायद्याचं स्पष्ट बोलतो. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. नोंदणीतले मूळ तपशील बदलतील असा फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182-अ खाली अशा प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. बंपरपुढे लावतात त्या लोखंडी बुल बारविरुद्ध केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कळवलं आहे. अपघात झाला तर विमा कंपनी आधी याच गोष्टी तपासते. म्हणून ठरवून टाका, ही गाडी रस्त्याची आहे की स्पर्धेची. रस्त्याची असेल तर देखभाल, हूक, ब्रीदर, कंप्रेसर आणि नियमात बसणारा टायर, इतक्यात खूप जमतं. गोव्यात 2014 पासून पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफ-रोड स्पर्धा होते, तिथल्या गाड्या पाहा. त्या ट्रकवर लादून आणतात आणि लादून नेतात. गाडी उलटली तर वाचवणारा नळ्यांचा पिंजरा, रोल केज, तोही तिथलाच. एफआयए या मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या नियमात मुख्य कमानीला 45 मिमी व्यासाची, 2.5 मिमी जाडीची सीमलेस नळी लागते. फर्निचरच्या पाइपचा केज उलटल्यावर दुमडतो, आणि रस्त्यावर हेल्मेट नसलेल्या डोक्याला तर चांगला केजही फोडतो.

आणि गाडी सक्षम झाली म्हणून सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, घालू नका. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, मातीच्या पातळ थराखाली झाकलेलीही आहेत. कासचं पठार 2012 पासून जागतिक वारशाचा भाग आहे. टायरने एकदा दाबलेला तो बोटभर थर भरून यायला किती पावसाळे लागतात ते तिथल्या गुराख्याला विचारा. ओळखीच्या शेतकऱ्याची पडीक जमीन, परवानगी घेऊन, सरावाला पुष्कळ होते.

आता बाहेर चला. दोन इंच लिफ्ट केलेली एक जिप्सी उभी आहे. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक आपण जॅकने चढवू, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवू आणि खाली झोपून ब्रेकचे पाइप, शाफ्टचे क्रॉस आणि फेंडरची कड पाहू. गाडी जॅकवर असताना चासीखाली स्टँड लावल्याशिवाय कोणीही आत जाणार नाही. चौघाचौघांनी या, टेप आणि वही घेऊन.