सोलापूर: दहा लाखांना थोडी कमी

2011च्या जनगणनेत सोलापूर महापालिकेची लोकसंख्या 9,51,558 भरली. राज्यघटनेच्या व्याख्येत महानगर क्षेत्राला दहा लाख लागतात. कमी पडली 48,442 माणसं.

[दृश्य: पूर्व भाग, यंत्रमागाचा कारखाना]

हा पूर्व भाग. मागांची खडखड आणि घराघरांत तेलुगू. पद्मशाली विणकर तेलंगणातून आले. 1870च्या दशकात 'जुनी मिल' ही कापडगिरणी उभी राहिली आणि ओघ वाढला. बाळीवेशीकडे गेलात तर कानावर कन्नड पडेल, विजापूर वेशीत उर्दू. महापालिकेच्या शाळाही मराठी, उर्दू, कन्नड आणि तेलुगू अशा चार माध्यमांच्या. हीच सरमिसळ हुतात्म्यांच्या नावांतही दिसते. इंग्रजांनी 1930मध्ये सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉच्या प्रकरणात 12 जानेवारी 1931 रोजी फाशी गेलेले चौघं कोण? मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे.

पण पद्मशाली नेमके किती, लिंगायत किती? 2011च्या तक्त्यात उत्तर नाही. जातीचं नाव फक्त अनुसूचित जाती-जमातींचं नोंदवलं गेलं. आकडा छातीठोकपणे सांगणारा अंदाजच सांगत असतो, बहुधा निवडणुकीच्या तोंडावर! मातृभाषेचा रकाना थोडी मदत करतो. मात्र घरात तेलुगू बोलणारी तिसरी पिढी 'मराठी' सांगून मोकळी झाली, तर तो धागाही सुटतो.

[दृश्य: उंबऱ्यात विडी वळणारे हात]

कामाचा रकाना त्याहून फसवा. कारखान्यातून तेंदूपत्ता, तंबाखू आणि दोरा मोजून मिळतो. बाई पानं भिजवते, पत्र्याच्या मापाने कापते, तंबाखू भरून वळते, तोंड दुमडते, दोरा बांधते. मजुरी दर हजार विड्यांमागे, त्यातून खराब विडीची छाट निघते. हे सगळं घरातच, स्वयंपाक आणि पोरं सांभाळून. प्रगणकाने दारातल्या पुरुषाला विचारलं, 'बायको काय करते?', तर उत्तर येतं, 'घरीच असते.' झालं, कामगार गृहिणी झाली. 'गेल्या वर्षभरात पैशासाठी काही काम केलं का?' असं तिलाच विचारलं तर नोंद बदलते. सहा महिने किंवा जास्त काम असेल तर ती मुख्य कामगार, त्याहून कमी असेल तर सीमांतिक.

वाढीचा आकडाही हद्द बघून वाचावा. 1991मध्ये 6,04,215, 2001मध्ये 8,72,478: दहा वर्षांत 44 टक्के. ही वाढ मुख्यतः पाळण्यांची नव्हे, 1992च्या हद्दवाढीची. पुढच्या दशकात ती 9 टक्क्यांवर आली. राज्याची तेव्हा 16 टक्के होती.

[दृश्य: कुंभारी, विडी कामगारांची घरकुलं]

कुंभारी महापालिकेच्या हद्दीबाहेर. 2006मध्ये इथे विडी कामगार महिलांची 10,000 घरं झाली. सगळी भरलेली धरली आणि घरटी साडेचार माणसं मोजली, तर 45 हजार होतात. दहा लाखांना कमी पडलेल्या 48,442 माणसांच्या जवळपास. 2024मध्ये शेजारी रे नगर या कामगार वसाहतीतल्या 15,000 घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. हद्द तीच राहिली, तर 2027च्या गणनेत हे लोकही शहराच्या खात्यावर नसतील.