असं गड्या, असं!

नमस्कार श्रोतेहो.

मी भूगोलाची शिक्षिका. नोकरीची सगळी वर्षं बुलढाणा जिल्ह्यात गेली. पावसाळा सरला की दरवर्षी वर्गातली मुलं एसटीत बसवायची आणि लोणारच्या विवराच्या काठावर नेऊन उभी करायची, हा माझा नेम. खाली हिरवं पाणी, भोवती झाडी, झाडीत कमळजा देवीचं देऊळ. मुलांना सांगायचे, "पोरांनो, हा खड्डा आभाळातून आलेल्या दगडानं पडलाय." मुलं आधी वर बघायची, मग खाली.

म्हणून म्युनिकला असलेल्या माझ्या लेकीनं जेव्हा विचारलं, "आई, तुला काय दाखवू? आल्प्स की राजवाडे?" तेव्हा मी म्हटलं, "मला नोर्डलिंगेनला ने." तिनं ते नावही ऐकलं नव्हतं.

म्युनिकहून डोनाउवर्थला उतरून गाडी बदलायची. पुढे दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येतात, हारबुर्गचा किल्ला डोक्यावरून जातो, आणि मग एकदम सगळं मोकळं होतं. सपाट शेतं, आणि दूर क्षितिजावर बुटक्या डोंगरांची कड. मी खिडकीला नाक लावून बसले होते. लेकीला म्हटलं, "आलो बघ विवरात." ती खड्डा शोधत होती. पण आपण ज्याच्या आत आहोत, तो खड्डा दिसणार कसा? लोणारचं विवर साधारण पावणेदोन किलोमीटर रुंद आहे. हे रीस नावाचं विवर सुमारे चोवीस किलोमीटर. दीड कोटी वर्षांपूर्वी जवळजवळ एक किलोमीटर व्यासाचा अशनी इथं आदळला. त्यानं केलेल्या खळग्यात आज शेतं आहेत, गावं आहेत, आणि एक तटबंदीचं गोल शहर आहे, तेच नोर्डलिंगेन.

इथं एक गैरसमज दूर करते. शहराची तटबंदी गोल आहे म्हणून ती विवराच्या काठावर बांधली, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. विवराची कड तिथून कितीतरी लांब आहे. तट गोल आहे तो शहर वाढत गेलं त्यामुळे. १२१५ मध्ये सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकनं नोर्डलिंगेनला मुक्त शहराचा दर्जा दिला, म्हणजे वर थेट सम्राट, मधे कुणी सरदार नाही. तेव्हाचा तट लहान होता. वस्ती त्याच्या बाहेर गेली, व्यापार वाढला, पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाची जत्रा तर १२१९ पासून कागदोपत्री आहे. १३२७ मध्ये सम्राट लुडविगनं नवा तट बांधायला सांगितलं आणि शहर आधीच्या चौपट झालं. जुना तट गेला, पण त्याच्या जागेवरचे रस्ते अजून गोल फिरतात. नकाशावर झाडाच्या खोडातली वलयं दिसावीत, तसं.

स्टेशनापासून दायनिंगर वेस जवळच आहे. अशा पाच वेशी. वेशीतून आत गेलो आणि जिना चढून तटावर आलो. आपल्या किल्ल्यांवर तटाच्या आतून चालायची जी वाट असते, तिला आपण फांजी म्हणतो. आपली फांजी उघडी, ऊन-वारा खाणारी. इथली लाकडी खांबांवरच्या कौलारू छपराखाली आहे, कारण इथं बर्फ पडतं. बाहेरच्या अंगाला जंग्या, म्हणजे मारा करायच्या फटी, आतल्या अंगाला लोकांची परसं. वाळत घातलेले कपडे, सफरचंदाचं झाड, एका आजोबांची भाजीचे वाफे खणण्याची लगबग. आजोबांनी मान वर करून हात केला. आम्हीही केला. ही वाट २.७ किलोमीटर आहे आणि ती कुठंही तुटत नाही. जिथून निघालात तिथंच परत येता. संपूर्ण चालता येईल असा शहराचा तट जर्मनीत एवढा एकच उरलाय. त्याला तिकीटसुद्धा नाही.

एगर नावाची छोटी नदी शहरातून जाते. तिच्या काठी कातडी कमावणाऱ्यांची जुनी वस्ती आहे. घरं उंच, आणि वरच्या मजल्यांना उघडे सज्जे, कातडी वाऱ्यावर वाळवायला. वास केवढा येत असेल, या विचारानं मी थांबले. सुंदर घरांचं कौतुक करताना त्यांत राबणाऱ्यांचे हात विसरायला होतं.

बाजारचौकात सेंट जॉर्जचं चर्च आहे. १४२७ ते १५०५ एवढा काळ त्याचं बांधकाम चाललं. त्याच्या नव्वद मीटर उंच मनोऱ्याला इथली माणसं लाडानं 'डॅनियल' म्हणतात. मी मनोऱ्याकडे वर न बघता आधी भिंतीजवळ गेले आणि तळहात टेकवला. राखाडी दगड, त्यात काळ्या काचेचे तुकडे, मधेच वेगळ्याच रंगाचे खडे, जणू कुणी खिचडी शिजवून ती गोठवली. याचं नाव स्वेव्हाइट. अशनी आदळला त्या क्षणी वितळलेला, फुटलेला, मिसळलेला आणि पुन्हा खाली पडून घट्ट झालेला हा दगड. त्यात डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म हिरेही आहेत. गवंड्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. जवळ मिळाला, घडवायला बरा वाटला, म्हणून त्यांनी तो वापरला.

आणि ठाऊक कुणालाच नव्हतं. हे विवर ज्वालामुखीचं, असंच शास्त्रज्ञ मानत होते. १९६० मध्ये यूजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ या दोघांनी इथल्या स्वेव्हाइटमध्ये कोएसाइट शोधलं. गारगोटीचंच, म्हणजे क्वार्ट्झचंच, हे रूप, पण ते व्हायला जो प्रचंड दाब लागतो, तो ज्वालामुखीत मिळत नाही. प्रश्न मिटला. आपल्या लोणारलाही ज्वालामुखीच समजत होते, आणि तिथला निकाल १९७३ मध्ये लागला. म्हणजे माझ्या आधीच्या पिढीतल्या गुरुजींनी मुलांना चुकीचं शिकवलं, आणि त्यात त्यांची काहीच चूक नव्हती. ऑगस्ट १९७० मध्ये अपोलो १४ चे अंतराळवीर या रीसमध्ये दगड ओळखायला शिकले आणि पुढच्या फेब्रुवारीत शेपर्ड आणि मिचेल चंद्रावर चालले. इथल्या विवर-संग्रहालयात चंद्रावरचा एक दगड ठेवलाय. त्याच्यासमोर मी किती वेळ उभी होते, ते लेकीला विचारा.

पण त्या दिवशी मनात रुतून बसलं ते दुसरंच. चौकापासून जवळ एका कारंज्यावर मारिया होल हे नाव आहे. ही खानावळ चालवणारी बाई. १५८९ ते १५९८ या काळात याच शहरात चेटकीण ठरवून ३४ बायका आणि एका पुरुषाला मारण्यात आलं. १५९३ मध्ये मारियाला धरलं. बासष्ट वेळा तिचा छळ केला. बासष्ट, श्रोतेहो. तिनं कबुली दिली नाही आणि दुसऱ्या कुणाचं नावही घेतलं नाही. पुढच्या वर्षी तिला सोडावं लागलं. एवढा मजबूत तट, पाच वेशी, रात्रंदिवस पहारा, आणि तिला धोका होता तो तटाच्या आत बसून न्याय करणाऱ्यांकडून. आपल्याकडेही बाईला चेटकीण ठरवून मारल्याच्या बातम्या अजून येतात. मी कारंज्याच्या दगडी कडेवर बसून राहिले. लेक माझा हात धरून गप्प होती.

संध्याकाळी डॅनियलच्या साडेतीनशे पायऱ्या चढलो. गुडघ्यांनी तक्रार केली, पण वर गेल्यावर लाल कौलांचं ते पूर्ण वर्तुळ पायाखाली होतं आणि त्याच्या पलीकडे, चहूबाजूंनी, विवराची निळसर कड. वर्तुळात वर्तुळ. इथून नव्व्याण्णव गावं दिसतात म्हणे. आम्ही मोजली नाहीत.

मुक्काम मुद्दाम केला होता, कारण रात्री दहाची हाळी ऐकायची होती. दंतकथा अशी, की १४४० मध्ये ओटिंगेनच्या सरदारानं वेशीच्या पहारेकऱ्यांना पैसे चारून दार उघडं ठेवायला लावलं. एक विणकराची बायको रात्री तिथून जात होती. तिनं पाहिलं, की एक डुक्कर दाराला अंग घासतंय आणि दार हलतंय. ती ओरडली आणि शहर वाचलं. तेव्हापासून मनोऱ्यावरचा पहारेकरी हाळी देतो. पूर्वी वेशींवरचे पहारेकरी तिला उत्तर देत, म्हणजे सगळे जागे आहेत हे कळे.

चौकात आम्ही दोघी आणि आणखी चार-पाच माणसं. गार वारं सुटलं होतं. दहाचे ठोके संपले आणि वरून, अंधारातून, लांबवलेला माणसाचा आवाज आला, "सो, ग्सेल, सो!"

"काय म्हणाला गं?"

"आई, म्हणजे… असं गड्या, असं!"

हाळी विरली. वेशींवरून उत्तर द्यायला आता कुणी नसतं. लेकीनं मान वर केली आणि मराठीतच, हळूच, उत्तर दिलं.