दोन मिलीची कुपी

[पहाट. तालीम. तांबडी माती.]

मातीत ताक, तेल, हळद मुरवलेली आहे. दिवस उगवायच्या आधीच जोर-बैठका चालू झाल्यात. 1912 साली शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान उभं केलं, त्या कोल्हापूरची ही माती. इथं ‘स्टिरॉइड’ हा शब्द शिवीसारखा ऐकला जातो.

[राजारामपुरी. दवाखाना.]

हा एकोणीस वर्षांचा पैलवान. एक्स-रे बघा. खालची अक्कलदाढ आडवी, शेजारच्या दाढेत डोकं खुपसून बसलेली. ती काढताना द्यायचं, कागदावरचं एक औषध ऐकून वडील खुर्चीतनं उठले.

“डॉक्टर, स्टिरॉइड नको वो. पोरगं तालमीत हाय.”

त्यांची भीती खरी आहे. पण अंग भरायला चोरून टोचतात ते पुरुषी हार्मोनच्या जातीचं. हे कॉर्टिसोलच्या जातीचं, आणि कॉर्टिसोल तुमच्या-आमच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथी रोज बनवतात. त्या ग्रंथींच्या हार्मोन्सवरच्या कामासाठी केंडॉल, राइशस्टाइन आणि हेंच यांना 1950 चं नोबेल मिळालं. नाव एक, गुण वेगळे. या एका नावाच्या धास्तीनं माणसानं सुजलेला गाल धरून उपाशी बसावं, हे आम्हाला पटत नाही.

[कुपी. सुई. हातमोजे.]

कुपी दोन मिलीची. आत डेक्सामेथासोन, हेच ते स्टिरॉइड, 8 मिलिग्रॅम. भूल चढली, की दाढेशेजारीच टोचतात.

आता हाड तासलं जातंय. दाढ कापून तुकड्यांनी निघतेय. शरीराला ही जखमच. तिथल्या पेशींच्या पडद्यातून ॲराकिडॉनिक आम्ल सुटतं, त्याचं प्रोस्टाग्लँडिन होतं, रक्तवाहिन्या सैल पडतात, पाणी झिरपतं, गाल फुगतो, जबडा आखडतो. दुखण्यावरचं आयबुप्रोफेन ही साखळी मधे तोडतं. स्टिरॉइड उगमाशीच बांध घालतं, ते आम्लच कमी सुटतं. म्हणून सूज चढायच्या आधी दिलेलं बरं. सूज ऐन भरात येते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि डेक्साचा असर दीड-दोन दिवस टिकतो.

मधुमेह असेल तर आधी सांगा, साखर चढते. अल्सर किंवा जंतुसंसर्ग असला तरी सांगा. पैलवानानं तर सांगायचंच, कारण स्पर्धेच्या काळात हे इंजेक्शनही डोपिंगच्या बंदी यादीत येतं. मेडिकलमधनं मनानं आणून घेऊ नका.

[तिसरा दिवस. घर.]

गंगावेशीतलं दूध, निवलेलं, वाटीनं. नळीनं ओढायचं नाही, खड्ड्यातली रक्ताची गुठळी सुटते.

वडील म्हणतात, “आ कर.” दोन बोटं उभी शिरली. तिसरं अडलं.

[सातवा दिवस. कात्री. टाक्यांचा दोरा.]

तीन बोटं.

[तालीम. संध्याकाळ.]

कुस्ती अजून नाही. तो कडेला बसलाय, दुसऱ्यांची जोड बघत.