दिवाळीचं पेट्रोल

(दोरी ओढल्याचा आवाज. पुन्हा. पुन्हा.)

अकरावा झटका. काका थांबतात, कपाळ पुसतात, बारावा मारतात. मशीन ढिम्म.

जुलैतलं नागपूर. कॉटन मार्केटजवळच्या बोळातलं हे एवढंसं दुकान उन्हाळ्यात पेंगत असतं. आता मशीनींची रांग पार रस्त्यापर्यंत आली आहे. पाटीवर लिहिलंय 'ब्रश कटर', गिऱ्हाइकाच्या तोंडी मात्र 'गवत कापायची मशीन'. पाऊस लागला, गाजरगवत गुडघ्याला आलं, की सगळ्यांना ती एकाच दिवशी आठवते.

काका काटोलकडून आलेत. संत्र्याची बाग आहे. संत्र्याची अन्न घेणारी मुळं वरच्या मातीतच पसरतात, झाडाखाली वखर फिरवला की ती तुटतात. म्हणून तिथलं गवत खणायचं नाही, वरच्या वर कापायचं.

मिस्त्री पान्याला हात लावत नाही. आधी टाकीचं झाकण उघडून वास घेतो.

"काका, हे पेट्रोल कधीचं हो?"

"मागच्या दिवाळीचं असन, बावा."

मिस्त्री काहीच बोलत नाही. आता मात्र प्लगपाना उचलतो.

प्लग निघतो तो कोरडा ठणठणीत. बारा झटक्यांनंतरही ओला नाही, म्हणजे पेट्रोल वर पोचतच नाही. प्लग सिलिंडरला टेकवून दोरी ओढली, निळी ठिणगी दिसली. करंट आहे. मग ताज्या पेट्रोलचे चार थेंब प्लगच्या भोकातून आत, प्लग घट्ट, एक झटका. भर्रर्र... बंद. जेमतेम दोन सेकंद. काकांचा चेहरा पडतो, मिस्त्री मात्र खूश.

"इंजन चांगलं आहे, काका. उपाशी आहे फक्त."

आता कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल नि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. हातावर घेतला तर मूठ मिटेल एवढा. मोटरसायकलच्या कार्बोरेटरात पेट्रोलची वाटी असते आणि तीत तरंगणारा फ्लोट. ही मशीन तिरपी होते, बांधावर आडवीही होते. तिथे फ्लोट काय करणार? म्हणून इथे पातळ पडदे, मिस्त्रीच्या भाषेत डायफ्राम. पिस्टन वरखाली होताना त्याच्या खालच्या पोकळीतला, म्हणजे क्रँककेसमधला दाब कमीजास्त होतो, त्या धडधडीवर एक पडदा पंपासारखा पेट्रोल ओढतो. दुसरा पडदा सुई हलवून लागेल तेवढंच आत सोडतो. पडदा मऊ हवा. हा चिमटीत धरला तर पापडासारखा वाजतो.

दिवाळीचं पेट्रोल, पत्र्याची शेड आणि वर ४५ अंशांचा मे. हलका भाग उडून गेला, चिकटा उरला, आणि तो कार्बोरेटरच्या बारीक जाळीत जाऊन बसला. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. ते हवेतली ओल ओढतं आणि जुन्या नळ्यांना सोसत नाही. टाकीतली नळी वाकवली, तर मोडलीच.

जाळी नि भोकं क्लीनरच्या फवाऱ्याने धुवायची. तार घालायची नाही. तारेने भोक मोठं झालं तर कार्बोरेटर गेलाच समजा.

फळीवरचा हा पिस्टन दुसऱ्याच कुणाचा. त्याच्यावरचे उभे ओरखडे पाहा. अशा मशीनींच्या टू-स्ट्रोक इंजिनात सहसा वेगळं ऑइल भरायची सोय नसते, ते पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. या मशीनीला २५ ला १, म्हणजे लिटरमागे ४० मिली. शेजाऱ्याची फोर-स्ट्रोक साध्या पेट्रोलवर चालते, म्हणून मालकाने हिच्यातही साधंच भरलं. दिसायला दोघी बहिणी-बहिणी. हिला पडदा बदलून भागणार नव्हतं.

काकांची मशीन जुळली. रबरी बटण सात-आठ वेळा दाबलं. नव्या नळीतून पेट्रोल फिरताना दिसलं. चोक. एक झटका, दुसरा, तिसरा.

(इंजिन धरतं.)

पण मिस्त्रीचं लक्ष आवाजाकडे नाही, खालच्या डोक्याकडे, म्हणजे गवत कापणाऱ्या टोकाकडे आहे. रेस सोडली तरी ते हळूहळू फिरतंय. आयडलचा स्क्रू पाव फेरा मागे. डोकं थांबलं, इंजिनाची घरघर चालूच. आता रेस सोडल्यावर पायाची तेवढी धास्ती नाही.

काका रिकामा कॅन पुढे करतात. मिस्त्री ऑइल मोजून घालतो, पेट्रोल भरतो, कॅन हलवतो, आणि मार्करचं टोपण काढतो.

"आज तारीख किती, काका?"