लिंक रॉडची कैफियत

संयोजकांनी विषय दिलाय ‘लिंक रॉड बदलणे आणि अपग्रेड करणे’. अपग्रेडच्या ओढीने आलेली मंडळी पहिल्या रांगेत बसलीत, ते चेहऱ्यावरून कळतंय. त्यांनी थोडा धीर धरावा. मला आधी एक जुनं दुखणं मोकळं करायचंय.

पण त्याआधी सांगा, खराब रस्त्यावर गाडीच्या पुढून खटखट कोणाकोणाला ऐकू येते? हात वर करा. बरं. ज्यांचे हात खाली आहेत, त्यांनी घरी जाताना गाणी बंद ठेवा आणि काचा खाली घ्या. (हशा)

अँटी-रोल बार म्हणजे काय हे या सभागृहात सांगायची गरज नाही. स्प्रिंग स्टीलची यू आकाराची दांडी. वळणावर गाडी कलली की एक चाक बॉडीच्या जवळ येतं, दुसरं लांब जातं. दांडी पिळली जाते आणि तो पीळ कलण्याला विरोध करतो. कॅनडातल्या फ्रेडरिक्टनच्या स्टीफन कोलमन यांनी १९१९ मध्ये याचं पेटंट घेतलं. म्हणजे शंभरी उलटून गेली, तरी दांडीचं टोक स्ट्रटला (म्हणजे चाकावरच्या स्प्रिंग-शॉकच्या उभ्या खांबाला) किंवा लोअर आर्मला (चाक धरणाऱ्या खालच्या आडव्या हाताला) जोडणाऱ्या त्या बोटभर जाडीच्या तुकड्याकडे, म्हणजे लिंक रॉडकडे, कोणी धड बघत नाही. दोन टोकांना दोन छोटे बॉल जॉइंट, म्हणजे वाटीत फिरणारे गोळे, त्यांवर रबरी बूट, म्हणजे टोपण. बूट फाटला की धूळपाणी आत, ग्रीस बाहेर, आणि मग खटखट सुरू.

आता माझं गाऱ्हाणं. माझ्या गाडीला असाच आवाज लागला. गॅरेजचं नाव घेत नाही, त्यांचेही पोटापाण्याचे प्रश्न आहेत. त्यांनी जंपर, म्हणजे शॉक अॅब्जॉर्बर, बदलले. आवाज तसाच. ‘साहेब, थोडी चालू द्या, सेट होईल.’ गाडी सेट होत नाही हो, माणूस सेट होतो, आवाजाची सवय लागते! मग स्ट्रटचे वरचे माउंट बदलले. मग लोअर आर्म. आर्मसोबत चाकांचे कोन जुळवणं, म्हणजे अलाइनमेंट, आलंच. मी दर वेळी विचारायचो, ‘लिंक बघितली का?’ दर वेळी उत्तर, ‘बघितली, टाइट आहे.’

आणि गंमत म्हणजे ते खोटं बोलत नव्हते. एकदा मी शेजारी उभा राहून बघितलं. पोऱ्याने एका बाजूला जॅक लावला, एक चाक उचललं, हात आत घालून लिंक हलवली. हलणार कशी? एक चाक लटकतंय, दुसरं जमिनीवर. दांडी पिळलेली, तिने लिंक ताणून धरलेली, सगळा ढिलेपणा त्या ताणात लपलेला! मी म्हटलं, गाडी खाली घे. चारी चाकं सपाट जमिनीवर, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवलेलं, आता हलव. हलवली. टक टक टक. पोरगं माझ्याकडे बघतंय, मी त्याच्याकडे बघतोय, आणि मालक बिलाकडे बघतोय.

आवाजाची वेळसुद्धा साक्ष देत होती. गतिरोधकावरून गाडी सरळ नेली की दोन्ही चाकं एकदम उठतात, दांडी आपल्या बुशमध्ये, म्हणजे तिला धरणाऱ्या रबरी कड्यांत, नुसती फिरते, पीळ फारसा पडत नाही, लिंकवर जोर येत नाही. तोच गतिरोधक तिरका घ्या, किंवा उखडलेल्या रस्त्यावर सावकाश चाला, म्हणजे एकदा हे चाक, एकदा ते. आवाज तेव्हाच येत असेल तर पहिला संशय लिंकवर. तरीही शंका राहिली तर दोन्ही लिंक काढा, दांडीची टोकं कुठे घासणार नाहीत अशी बांधा आणि त्याच तुकड्यावरून अगदी हळू गाडी न्या. आवाज गेला तर चोर सापडला. फक्त वळणांवर जपून, गाडी जास्त कलेल.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. त्यांच्या गाडीचाही हात मघाशी वर होता, ते मी विसरलेलो नाही.

तर आता भरभर. बदलताना दोन्ही चाकं उचला, किंवा दोन्ही रॅम्पवर ठेवा. एकच उचललं तर दांडीचा ताण बोल्टवर येतो, लिंक निघतही नाही आणि निघाली तर दांडी उसळून हातावर बसते. उचललेली गाडी स्टँडवर, नुसत्या जॅकवर नाही. नट फिरवताना त्यातला आटेवाला स्टडही सोबत फिरतो, म्हणून स्टडच्या टोकाच्या खाचेत ॲलन की (षटकोनी टोकाची) किंवा टॉर्क्स (चांदणीसारख्या टोकाची) धरायची. काहींना बुटामागे पातळ पाना लागतो. गंजलेल्या नटावर गंजतेल टाकून वेळ द्या, ऐकला नाही तर ग्राइंडर. नायलॉनची कडी असलेला नट पुन्हा वापरू नका. टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, मॅन्युअलमधला, दंडातला नाही. लांब बोल्ट आणि रबरी बुशवाल्या लिंकमध्ये बुश फुगेपर्यंत आवळायचं नसतं. लिंक जोडीने बदला. त्यासाठी अलाइनमेंट लागत नाही, कोणी बिलात लावलं तर विचारा का म्हणून.

आता पहिली रांग. जाड, चमकदार लिंक लावली की गाडी वळणावर घट्ट होते, हे डोक्यातून काढा. पोस्टमन बदलून पत्रातला मजकूर बदलत नाही. फार तर मऊ रबरी बुशच्या जागी पॉलियुरेथेनचं कडक बुश किंवा बॉल जॉइंट आला तर दांडी जरा लवकर कामाला लागते. कडकपणा दांडीचाच, आणि तो व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २२ मिलिमीटरची भरीव दांडी २४ ची केली तर सुमारे ४२ टक्के वाढ. तीही फुकट नाही. फक्त पुढची कडक केली तर गाडी वळणात बाहेर सरकायला लागते, फक्त मागची केली तर शेपूट सुटू शकते. दांडी बदलली तर मजबूत लिंक हवी, कारण जोर वाढलेला असतो.

लांबी बदलता येणारी लिंक कोणाला? ज्यांनी गाडी खाली बसवली किंवा उचलली त्यांना. उंची बदलली की दांडीचा कोन बिघडतो, आणि दोन बाजूंत फरक राहिला तर सरळ उभ्या गाडीतही दांडी पिळलेली राहते. सपाट जमिनीवर, चालकाच्या सीटवर वजन ठेवून दुसरी बाजू जोडा. बोल्ट जोर न लावता हाताने भोकात सरकला पाहिजे, तोपर्यंत लांबी जुळवा, मग लॉक नट आवळा. पूर्ण स्टिअरिंग फिरवून आणि चाक पूर्ण लटकवून कुठे घासत नाही ना ते बघा. उघडे रोझ जॉइंट... म्हणजे ते शर्यतीच्या गाड्यांचे बूट नसलेले रॉड एंड, ते रोजच्या गाडीला लावू नका. धूळपाण्याने लवकर झिजतात आणि हीच खटखट परत येते, या वेळी जास्त पैसे मोजून.

हो हो, बसतो. अध्यक्षमहाराज, तुमची गाडी सपाट जागी लावलीय ना? चावी द्या, प्रश्नोत्तरं तिथेच घेऊ.